काल डाव्या हातातलं, आज उजव्यातलं

"मॅडम, जरा खाली येता का? रक्त द्यायला एक जण आलाय आणि याच्या कोपरावर कालचीच पट्टी आहे."

ब्लड बँकेतून गजाननचा फोन. गजानन आमचा टेक्निशियन. त्याचं काम रक्त घेणं आणि माणसं परत पाठवणं. परत पाठवायला त्याला माझी कधी गरज लागत नाही. म्हणजे भानगड वेगळी होती. मी जिना उतरून खाली गेले.

खुर्चीत सलीम बसला होता. दोन्ही बाह्या वर सारून, छाती पुढे काढून, जणू आता कोणी कुस्तीला उतरणार आहे. सकाळी रहीमचाचाला आमच्या वॉर्डात घेऊन आला तो हाच पुतण्या. अचलपूरला ऑटो चालवतो.

"रक्त कधी दिलंस?"

"काल."

"मग आज कसं घेतील? तीन महिने थांबावं लागतं."

"काल डाव्या हातातलं देल्लं होतं मॅडम. आज उजव्यातलं घ्या ना."

गजानन तोंडावर हात ठेवून कोपऱ्यात वळला. माझंही हसू फुटलं. सलीम बिचारा गंभीरच.

"काल कोणासाठी दिलंस?"

"चाचासाठीच तं."

"चाचा काल कुठे होता?"

"अकोल्याले. नसरीनआपाच्या डॉक्टरकडे. त्याईनं बी रक्त मागतलं होतं."

माझं हसू तिथंच थांबलं.

आता हे नीट सांगते. रहीमचाचा अचलपूरचा गादीवाला. पिंजारी. कापूस पिंजायचा, गादी भरायची, लांब सुईनं टाके घालायचे. आमच्या वऱ्हाडात लेकीच्या लग्नात भांडी कमी असली तर चालतात, गादी मात्र टणक लागते. चाचानं वलगावपासून परतवाड्यापर्यंत किती नवऱ्या मुलींच्या गाद्या भरल्या असतील, त्यालाच ठाऊक. पण ते दिवस वाईट होते. कापूस पिकवणाऱ्यालाच कापूस जड झालेला. लग्नं आटोपशीर व्हायला लागली आणि नवी गादी कोणी भरेना. जुनीच उसवून आणायचे, "चाचा, हिलेच फुलवून द्या" म्हणायचे. चाचा फुलवून द्यायचा.

त्याची पाठ दुखायला लागली तेव्हा सगळ्यांना वाटलं, धंद्याचंच दुखणं. निघाला मायलोमा, रक्ताचा एक कॅन्सर.

हाडांच्या आत मगज असतो. रक्त तिथं तयार होतं. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असा तिहेरी माल तिथून निघतो. लाल कमी झाल्या की माणूस दोन पायऱ्यांत धापा टाकतो. पांढऱ्या कमी झाल्या की साधी सर्दीही जीव घेऊ शकते. प्लेटलेट म्हणजे गळती बुजवणारे गवंडी, ते कमी झाले की दात घासतानाही रक्त येतं. मायलोमात या मगजातल्याच एका जातीच्या पेशी माजतात आणि बाकीच्यांची जागा खातात. त्या मारायला आम्ही मेल्फलान नावाच्या गोळ्या देतो. थोडे दिवस गोळ्या, मग काही आठवडे सुट्टी. अडचण अशी की ही गोळी गुंड आणि सज्जन यांच्यात फारसा भेद करत नाही. दोघांनाही झोडते. म्हणून गोळ्या संपल्यावर दोनतीन आठवड्यांनी काउंट खाली जातात, आणि मग आपले आपण वर येतात. येईपर्यंत पेशंटला सांभाळायचं. मायलोमाच्या उपचारातलं निम्मं कौशल्य या सांभाळण्यात आहे.

चाचाचे काउंट खाली जाणार हे मला माहीत होतं. पण ते असे कोसळतील ही अपेक्षा नव्हती. सकाळच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट अकरा हजार होत्या, जिथे दीड लाखाच्या वर हव्यात. पांढऱ्या पेशी मोजायला गजाननला स्लाइडवर शोधाशोध करावी लागली होती. अंगात ताप. हिरड्यांतून रक्त. मी सकाळपासून डोकं खाजवत होते. किडनी ठीक आहे, डोस वजनाप्रमाणे दिलाय, मग हे कशामुळे?

दाखल करताना मी चाचाला सगळं विचारलं होतं. माझी पद्धतच आहे, थोडं वकिलासारखं विचारायची.

"आयुर्वेदिक काही?"

"नाई."

"हकीम? जडीबुटी? भस्म?"

"तोबा तोबा."

"कोणा बाबानं काही पाणी-बिणी दिलं?"

"मॅडम, मी शिकेल नसलो तरी येडा नाई."

उत्तरं सगळी खरी होती. डॉक्टरवर डॉक्टर केलाय का, एवढं एक माझ्या यादीत नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. अकोल्यात रक्ताचे असे पेशंट बघणारा एकच माणूस होता, प्रमोद. माझा कॉलेजातला वर्गमित्र. मित्र म्हणायचं म्हणून. फायनलला पॅथॉलॉजीत गोल्ड मेडल त्याला मिळालं आणि मला अर्ध्या मार्कानं नाही मिळालं, तेव्हापासून आमचं बोलणं लग्नकार्यापुरतंच होतं. मी फोन लावला.

"प्रमोद, रहीम पिंजारी म्हणून कोणी आहे तुझ्याकडे?"

"आहे की. मायलोमा. काल प्लेटलेट दिली, दाखल हो म्हणालो तर ऐकेना. उद्या अमरावतीला जायलाच पाहिजे म्हणाला. का?"

"तो माझ्याकडे आहे. काय दिलंयस त्याला?"

"मेल्फलान आणि स्टेरॉइड. तू?"

"मेल्फलान आणि स्टेरॉइड."

आम्ही दोघं एकाच सरांचे विद्यार्थी. आमच्या चिठ्ठ्या सारख्याच निघणार होत्या.

मी वर गेले. चाचा वॉर्डच्या टोकाला खाटेवर बसला होता. ताप असूनही बोटांनी गादी चाचपत होता.

"चाचा, अकोल्याच्या डॉक्टरच्या गोळ्या पण घेतल्या?"

"घेतल्या ना."

"आणि माझ्या?"

"तुमच्या बी. सकाळी शमीमच्या डॉक्टरच्या, म्हंजे तुमच्या. रात्री नसरीनच्या डॉक्टरच्या." त्यानं असं सांगितलं, जणू मी आता पाठ थोपटणार. "एक बी खाडा नाई केला."

"काहून पण?"

"त्याचं असं हाय मॅडम. शमीम अमरावतीत देल्ली, नसरीन अकोल्यात. दोघीची माय गेली तवा एकच बोलून गेली, पोरीईत फरक करू नका. मी शमीमकडे जेवलो तं नसरीनकडे बी जेवतो. पोट भरेल असलं तरी दोन घास खातो. ईदेले हिच्याकडे जेवढा बसलो तेवढाच तिच्याकडे बसतो. आता हिनं आपल्या डॉक्टरले दाखवलं, तिनं आपल्या. हिच्या गोळ्या घेतल्या अन् तिच्या ठेवून देल्ल्या तं तिले काय वाटन?"

मी खुर्ची ओढून बसले. मेडिकलच्या एकाही पुस्तकात हे कारण दिलेलं नाही.

"चाचा, एक सांगा. तुम्ही नीट पिंजलेला कापूस मी उचलला आणि दुसऱ्या पिंजाऱ्याकडे नेला. त्यानं तो परत तेवढाच पिंजला. काय होईल?"

"कापसाची वाट लागन. तंतूच नाई राहत त्याच्यात, भुगा होते. गादीत भरला तं आठ दिवसात बसून जाते."

"तुमच्या हाडांतला कापूस तसा झालाय. दोघांनी पिंजलाय."

चाचानं सरळ विचारलं, "मंग मी मरतो का?"

"मरू शकता." मी पेशंटशी खोटं बोलत नाही. बाकी सगळ्यांशी बोलते.

"मले मरनं परवडत नाई मॅडम," चाचा म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पण तोरा होता तसाच. "मी मरलो तं शमीम म्हणन, नसरीनच्या गोळ्याईनं मारलं. नसरीन म्हणन, शमीमच्या. दोघी जिंदगीभर एकमेकीचं तोंड नाई पाहणार. आतापावतो बराबर वाटे केले अन् जाताना भांडन वाटून जाऊ का? तुमी पाहा काय कराचं ते. मी मरत नसतो."

मी म्हटलं, ठीक आहे. मीपण बघते.

पहिली गोष्ट, दोन्हीकडच्या गोळ्या बंद. उतारा म्हणून काही नसतं. मगज परत उगवेपर्यंत माणूस जिवंत ठेवायचा, हाच उपाय. तापासाठी शिरेतून अँटिबायोटिक. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन रोज. लागेल तशा प्लेटलेट आणि रक्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेगळी खोली. चाळीस खाटांच्या वॉर्डात, खोकणाऱ्यांच्या मध्ये, पांढऱ्या पेशी नसलेला माणूस ठेवणं म्हणजे बकरा बाजारात बांधण्यासारखं.

वेगळी खोली आमच्याकडे एकच होती, व्हीआयपी रूम. ती रिकामी होती आणि कुलपात होती. त्या वर्षांत आमच्या भागात कापसापेक्षा समित्या जास्त पिकत. रोज गाड्यांचा ताफा, रोज कोणी तरी पाहणीला. आमच्या मोठ्या साहेबांनी, म्हणजे सुपरिंटेंडेंटनी, ती खोली अशा पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती. न जाणो, एखाद्याला आमचं ऊन बाधलं तर!

"नाही," साहेब म्हणाले. "परवा दिल्लीची समिती येतेय."

"त्यांच्या पांढऱ्या पेशी कमी आहेत का सर?"

"मॅडम, तुम्ही नेहमी असं बोलता."

"मग नेहमीसारखं हो म्हणा."

"पेशंटची अवस्था काय आहे? मला तर वाटतं नातेवाइकांना सांगा, घरी न्या. शेवटचे दिवस आपल्या माणसांत जावेत."

"त्याची आपली माणसंच त्याला धोक्याची आहेत सर. प्रत्येक जण सर्दी घेऊन येतो. आणि शेवटचे दिवस आहेत हे त्याला मान्य नाही."

"किल्ली मिळणार नाही."

किल्ली मेश्राम सिस्टरकडे असते, हे साहेबांना माहीत नव्हतं. तासाभरात चाचा व्हीआयपी रूममध्ये होता. दारावर मी मोठ्या अक्षरांत कागद लावला: "आत येण्यास सक्त मनाई. साहेबांच्या आदेशावरून." कोणत्या साहेबांच्या, ते लिहिलं नाही. आमच्याकडे कोणी विचारतही नाही.

चाचा त्या पलंगावर टेकला, हातानं गादी दाबली आणि तोंड वाकडं केलं. "ही कोनं भरली? अंदर काथ्या हाय. व्हीआयपीले असं झोपवता?"

आता खरी लढाई सुरू झाली, ती माणसांशी. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरणं. अचलपूरहून, चांदूर रेल्वेहून, कुठून कुठून लोक आले. ज्यांच्या लेकींच्या गाद्या चाचानं भरल्या होत्या ते शेतकरी जीप करून आले. एकानं संत्र्यांचं पोतं आणलं, एकानं घरी काढलेला डाळिंबाचा रस, एकीनं दह्याचं मडकं. सगळं मी व्हरांड्यात अडवलं. कच्चं, कापलेलं, विरजलेलं काही आत जाणार नाही, शिजवलेलं गरम जाईल.

"संत्र्यानं रक्त वाढते मॅडम," एक काका तावातावानं म्हणाले. "माह्या बागेतले हायेत."

"रक्त वाढवायचंय ना? मग संत्री गजाननला द्या आणि बाही वर करा."

ते काका खरंच खाली गेले. त्यांच्यामागे जीपमधले सगळे गेले. गजाननला त्या आठवड्यात दाते शोधावे लागले नाहीत. प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे आज चार, परवा चार, असं त्यानं सगळ्यांना पाळीनं लावलं. शेताला पाण्याच्या पाळ्या असतात तशा. सलीम रोज उजवा हात घेऊन यायचा आणि गजानन रोज त्याला चहा पाजून परत पाठवायचा.

समिती आली. साहेब पुढे, पाहुणे मागे, त्यांच्या मागे कॅमेरेवाले. कोणी तरी सांगितलं होतं की आत कापसाच्या धंद्यातला एक आजारी माणूस आहे. एका पाहुण्यांना त्याच्या शेजारी बसून फोटो हवा होता. मी दारात उभी राहिले. माझं आकारमान अशा वेळी उपयोगी पडतं.

"दोनच मिनिटं," पाहुणे म्हणाले. "पीडितांना धीर देतो."

"धीर भरपूर आहे त्याच्याकडे. पांढऱ्या पेशी असतील तर द्या."

आतून चाचाचा आवाज आला, "कोन हाय मॅडम?"

"समिती आहे चाचा. दिल्लीची."

"त्याईले म्हना, गादी भराची असन तं पुढच्या महिन्यात या. आता हात खाली नाई."

साहेबांनी कपाळाला हात लावला. पाहुणे मात्र हसले, दारावरचा कागद वाचला आणि साहेबांना म्हणाले, "तुमचा आदेश आहे, मग मी कसा मोडू?" साहेब एकदम ताठ झाले. त्या क्षणापासून ती खोली चाचाला साहेबांनीच दिली होती, असं आजही ते सांगतात.

हे सगळं चाललं होतं, पण काउंट तिथंच होते. ताप उतरायचा, चढायचा. आणि व्हरांड्यात दोन टोकांना दोन बाकांवर शमीम आणि नसरीन बसलेल्या. गोळ्यांची गोष्ट त्यांना सलीमकडून कळली होती. चाचाला ज्याची भीती होती ते सुरू झालं होतं, तेही तो जिवंत असतानाच.

"तिनंच अब्बांना गपचूप नेलं," शमीम मला म्हणाली.

"आपा सगळं आधी स्वतःच करते, मला विचारते का?" नसरीन म्हणाली.

एकमेकींशी मात्र एक अक्षर नाही. डबेसुद्धा दोन यायचे. चाचा दोन्हीतले मोजून सारखेच घास खायचा, मग तोंड आलेलं असलं तरी.

मी प्रमोदला फोन केला. "रविवारी अमरावतीला ये. नाटक करायचंय."

"कसलं?"

"दोघींसमोर मी म्हणणार, चूक माझी. तू म्हणायचं, नाही, माझी. दोष आपण ओढून घ्यायचा. त्यांच्या वाट्याला उरायला नको."

प्रमोद रविवारी आला. चाचाच्या खोलीबाहेर, काचेसमोर आम्ही उभे राहिलो. दोन्ही बहिणींना बोलावलं. मी सुरुवात केली. "हे बघा, दुसरा डॉक्टर आहे का, हे मी विचारायला हवं होतं. माझी चूक."

"छे," प्रमोद म्हणाला. "मी विचारायला हवं होतं. माझी."

"पेशंट आधी माझ्याकडे आला होता."

"तुझ्याकडे? मगजाची तपासणी कोणी केली? मी!"

"ती मीही केली होती. तुझ्या स्लाइडवर माझा विश्वास नाही."

"म्हणजे?" प्रमोदचा आवाज चढला. "माझ्या स्लाइडवर? गोल्ड मेडल कोणाला मिळालं होतं?"

"अर्ध्या मार्कानं! आणि तोंडी परीक्षेत सरांनी तुला उत्तर सुचवलं होतं, सगळ्या बॅचनं ऐकलंय!"

"सुलभा, वीस वर्षं झाली!"

"मला कालच झाल्यासारखं वाटतं!"

नाटक कधीच संपलं होतं. व्हरांडा गोळा झाला होता. काचेवर आतून टकटक झाली. चाचा सलाइनचा स्टँड धरून उभा होता आणि ओरडत होता, "भांडू नका बाप्पा! मी जित्ता हाओ अजून!"

शमीम पुढे आली आणि प्रमोदला खुर्ची दिली. "सर, बसा. बीपी वाढंल."

नसरीननं मला पाण्याचा ग्लास दिला. "जाऊ द्या ना मॅडम. एवढे शिकलेले तुम्ही, अन् असे भांडता?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी नसरीनच्या ओठाचा कोपरा हलला. मग शमीमनं पदर तोंडात कोंबला. त्यानंतर दोघी एकाच बाकावर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. संध्याकाळी डबा एकच आला. चाचानं विचारलं, "हा कोनाचा?" दोघी म्हणाल्या, "खा चुपचाप."

त्यानंतर काही दिवसांनी गजाननचा फोन आला. "मॅडम, जरा खाली या." मला वाटलं सलीम. पण त्यानं मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. इतके दिवस ओसाड दिसणाऱ्या त्या स्लाइडवर पांढऱ्या पेशी दिसत होत्या. कच्च्या, नव्या, गोंधळलेल्या. मगजाच्या गिरणीचा भोंगा परत वाजला होता. आधी पांढऱ्या वर आल्या, मग रेंगाळत प्लेटलेट, आणि सगळ्यात शेवटी, आमच्या सरकारी फायलीसारख्या, लाल.

चाचा घरी गेला. मायलोमा बरा होत नाही, दबतो. त्यामुळे उपचार पुढेही करायचे होते, कमी डोसनं आणि काउंट बघून. पण करायचे कोणाकडे? चाचानं तोडगा काढला. गोळी अमरावतीची, तपासणी अकोल्याची. वाटे बरोबर. त्यापायी प्रमोदला आणि मला दर महिन्याला एकमेकांना फोन करावा लागला, आणि पेशंटचं बोलून झाल्यावर गोल्ड मेडलवर दोन मिनिटं भांडावं लागलं.

पुढची काही वर्षं चाचानं गाद्या भरल्या. जुना, धुळीचा कापूस मी बंद केला होता. पिंजायचं काम सलीम करायचा, चाचा फक्त टाके घालायचा. लांब सुई आणि कमी प्लेटलेट यांचं जमत नाही, म्हणून आधी फोन यायचा. "मॅडम, आज सुई धरू का?" मी रिपोर्ट बघून हो किंवा नाही सांगायची. नाही म्हटलं तरी तो धरायचा, हे मला सलीमनं नंतर सांगितलं. व्हीआयपी रूममधली काथ्याची गादी जाऊन तिथं कापसाची आली, ती त्याच काळात. बिल कोणीच पाठवलं नाही.

आता माझ्या हाताखाली नवे डॉक्टर येतात. पेशंटला काय विचारायचं याची यादी मी त्यांना पाठ करायला लावते. शुगर आहे का? बीपी? तंबाखू? कुठली औषधं चालू आहेत? आणि मग, लेकी किती आणि कुठं कुठं दिल्या?

पोरं हसतात. हसू देत. उत्तर एकाहून जास्त आलं की मी आधी अकोल्याला फोन लावते.